मंगलच्या तोंडावर धरलेली बॅटरी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. निवृत्तीच्या सत्काराला माझ्यावर चार लोक बोलले. त्यातला एक म्हणाला, गुरुजींनी वस्तीवरच्या पोरांना दात घासायला शिकवलं. टाळ्या पडल्या. मी हात जोडून बसलो. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता अक्षर वाकडं येतं, तरी लिहितोय. दुसरं कुणी हे लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दौंड तालुक्यातली, केडगावपासून सायकलीच्या अंतरावरची सातवीपर्यंतची शाळा. नाव लिहीत नाही. पटांगणात मांडव घातलेला. पुण्याच्या एका मंडळाने मुलांची दातांची तपासणी ठेवली होती. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर प्लास्टरचे भलेमोठे दात आणि हातभर लांब ब्रश. प्रत्येक पोराला एक ब्रश आणि बोटाएवढी पेस्टची ट्यूब मिळणार होती. पोरं सकाळपासून त्या खोक्याकडे बघत होती. पुढे कोचावर गावचे पुढारी बसले होते. त्यांना सगळे दादा म्हणायचे. मांडवाचा खर्च त्यांचा होता.

माझं काम बॅटरी धरायचं. डॉक्टर आरशाची काडी तोंडात घालणार, मी उजेड पाडणार, डॉक्टर सांगतील ते हेडमास्तर वहीत लिहिणार.

मंगलची पाळी आली. मंगल सहावीत. माझ्या चुलतभावाची मुलगी. घरी मला तात्या म्हणायची, शाळेत गुरुजी. गणितात तिच्यापुढे कुणी नव्हतं. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, मधेमधे खडूसारखे पांढरे ठिपके.

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला. "अरे अरे अरे. हे काय करून ठेवलंयस? दात घासतेस का कधी?"

"घासती."

"कशाने?"

"राखुंडीनं. रोज."

"आणि मिशरी?"

"न्हाई लावत."

"खोटं बोलायचं नाही हं. मला दिसतंय ना."

मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. कुटायची, डबीत भरायची, सकाळी बोटाने दातांना लावायची. आमच्या धनगरवस्तीवरच्या बायका ती लावल्याशिवाय चुलीपुढे बसत नसत.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय मास्तर, वस्तीवर चालतं ना हे अजून?"

मी म्हणालो, "चालतं साहेब. या लोकांच्यात लहान पोरींनासुद्धा सवय असते."

या लोकांच्यात.

माझी आई त्याच वस्तीवर राहत होती. माझा जन्म त्याच वस्तीवरचा. हेडमास्तरांना माझं आडनाव माहीत होतं. ते वहीतून मान वर करून माझ्याकडे बघून हसले आणि पुन्हा लिहायला लागले.

मंगलनेही बघितलं. बॅटरी तिच्या डोळ्यांवर होती तरी बघितलं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. घाई होती त्याला. दोनशे तोंडं, एक सकाळ. त्याने फोटोवाल्याला बोलावलं. म्हणाला, "एक चांगलं उदाहरण आणि एक वाईट उदाहरण, शेजारी शेजारी उभं करू. मुलांच्या लक्षात राहतं." चांगलं उदाहरण म्हणून दादांचा नातू आला. मंगलच्याच वर्गातला. दुधासारखे दात. तो हसला, फोटोवाला म्हणाला, "वा छोटे सरकार!" सगळे हसले.

"आता तू. तोंड उघड."

मंगलने ओठ मिटले.

"उघड ना बाळ. वेळ जातोय."

"न्हाई उघडणार."

रांगेतली पोरं माना वर करून बघायला लागली. कोचावरून दादा म्हणाले, "मास्तर, तुमची पोरगी लई तिखट दिसतीय." हेडमास्तर म्हणाले, "बघा जरा. तुमचंच ऐकेल."

मी बॅटरी डाव्या हातात घेतली. उजव्या हाताने तिचा जबडा खालून धरला. अंगठा एका गालाच्या कोपऱ्यात, बोटं दुसऱ्या गालात. दाबलं. तोंड उघडलं.

असं जनावराचं तोंड उघडतात. बाजारात मेंढरू घेताना. जबड्याखाली हात, ओठाच्या कोपऱ्यात अंगठा. दोन दाती आहे का चार दाती, त्यावरून वय बघतात. मी सात वर्षांचा असताना माझ्या चुलत्याने मला ते शिकवलं होतं. तो चुलता म्हणजे मंगलचा सख्खा आजोबा. त्याने शिकवलेला हात मी त्याच्या नातीच्या तोंडावर वापरला.

फोटो निघाला. मी हात सोडला. तिच्या गालावर माझ्या बोटांचे वळ होते. ती रडली नाही. ब्रश न घेता रांगेत जाऊन बसली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मास्तर चुकला, पण त्याला माहीत नव्हतं. म्हणून पुढचं सांगतो. मला माहीत होतं.

मंगल तान्ही असताना पाण्याचे हाल होते म्हणून वस्तीवर बोअर घेतला होता. खूप खोल गेला तेव्हा पाणी लागलं. सगळी वस्ती त्यावर आली. माणसं, मेंढरं, सगळी. गावात मात्र जुन्या विहिरीचं पाणी, नळाने. बोअर होऊन नऊ-दहा वर्षं झाली असतील. एकदा मी वस्तीवर गेलो तर आबा, म्हणजे तोच चुलता, मेंढरांच्या वाड्यात एकेकीचं तोंड उघडून बघत बसला होता.

"ये. हे बघ," म्हणाला. "ही बोअरवर वाढलेली. दात बघ हिचं. पिवळं, खडबडीत. व्यापारी म्हणतो म्हातारी हाय. आरं, कालची कवळी पाठ हाय ती! आन् ही थोरली, गावातनं इकत आणल्याली, हिरीच्या पान्यावर वाढली. हिचं दात बघ कसं हायती. पान्यात कायतरी हाय."

मी हसलो. म्हणालो, "आबा, पाण्यानं कुठं दात जातात का? मशीननं मारलेला बोअर आहे. पाणी कसं काचेसारखं आहे."

"तू शिकल्याला," आबा म्हणाला. "तुला म्हाईत. पर मेंढरू काय मिशरी लावत न्हाई बाबा."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तपासणीच्या एक वर्ष आधी. त्या मांडवात, बॅटरी हातात असताना, ते मला आठवलं. खरंच आठवलं. डॉक्टर "मिशरी" म्हणाले आणि माझ्या डोक्यात आबाचं मेंढरू उभं राहिलं. एवढंच म्हणायचं होतं: साहेब, वस्तीवरच्या सगळ्याच पोरांचं असं आहे, पाण्याचं काही असेल का? एक वाक्य. नाही म्हणालो. पुण्याच्या डॉक्टरपुढे धनगराच्या म्हाताऱ्याचं शहाणपण सांगायची मला लाज वाटली.

ही लाज कुठून आली तेही सांगतो. सबब म्हणून नाही.

मी लहानपणी मिशरी लावायचो. दाढ दुखली म्हणून आईने लावली, मग सवय झाली. मास्तरकीच्या कॉलेजात गेलो तेव्हा माझे दात हिरडीजवळ काळे होते. पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी मला उभं केलं. गोरे, स्वच्छ, पांढरं धोतर. म्हणाले, "वाच." मी वाचलं. ते म्हणाले, "थांब. वर्गाकडे तोंड कर. ई म्हण." मी ई म्हणालो. "पाहा," ते म्हणाले, "हे उद्याचे गुरुजी. मेंढरांतून थेट वर्गात. तोंड धुवायला मधे वेळच मिळाला नाही." वर्ग हसला. मीही हसलो. ओठ मिटून.

पहिल्या पगारात मी पुण्याला जाऊन दात खरवडून घेतले. मग बोलणं बदललं. न्हाईचं नाही केलं, हायचं आहे केलं. आईला सांगितलं, माझ्या घरी येशील तेव्हा डबी आणू नकोस. ती आली तेव्हा डबी न आणता आली. दोन दिवस डोकं धरून बसली आणि परत गेली.

तर मला ठाऊक होतं, वर्गापुढे तोंड उघडायला लावतात तेव्हा काय होतं. माझ्याइतकं त्या मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरी माझाच हात पुढे गेला.

आठवड्याने मंगलची आई शाळेत आली. "गुरुजी, पोरगी जेवंना. तोंड सुजलंय." मी गेलो. मंगल ओसरीवर बसली होती. शेजारी दगडावर लाल पूड. विटेचा तुकडा कुटून, कापडाने गाळून तिने पूड केली होती. त्या पुडीने ती दात घासत होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हिरड्या सोलून निघाल्या होत्या. पट्टे तसेच होते.

"अगं, विटेनं घासतात का?" मी म्हणालो.

"जात न्हाईत," ती म्हणाली. एवढंच. तिला वाटत होतं ती घाण आहे. घाण आहे असं तिला आम्ही सांगितलं होतं.

तिच्या आईला मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि निघालो. आबा वाड्याच्या दाराशी उभा होता. मला ऐकू जाईल असं म्हणाला, "तोंड उघडाय मी तुला मेंढराचं शिकवलं हुतं." मी सायकल थांबवली नाही.

पुढच्या वर्षी मंगल शाळेत आली नाही. गणितातली पहिली मुलगी. सातवीनंतर मी तिला केडगावच्या हायस्कुलात घालणार होतो, तसं भावाला बोललोही होतो. भाऊ म्हणाला, "ती न्हाई म्हंती. पोरं मिशरी मिशरी म्हणून चिडवत्यात." मी एकदाही घरी जाऊन तिला चल म्हणालो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

पाचएक वर्षांनी एक तरुण डॉक्टरीण आली. सरकारी दवाखान्याकडून, एकटी, एसटीने, खांद्याला पिशवी. मांडव नाही, फोटो नाही. पोरांना व्हरांड्यात बसवलं, स्वतःही जमिनीवर बसली. वस्तीवरच्या पहिल्या पोराचे दात बघून तिने विचारलं, "पाणी कुठलं पितोस रे?" दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. कागदावर दोन रकाने केले. अर्ध्या तासात तिने माझ्यापुढे कागद धरला. बोअरवर वाढलेल्या एकूण एक पोरांना डाग. नळाच्या पाण्याचं एकही पोर त्यात नाही. मामाच्या गावी मोठा होऊन मग वस्तीवर आलेला एक होता, त्याचे दात साफ.

"गुरुजी, ही घाण नाही," ती म्हणाली. "दात हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हाच खोल बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड त्यात उतरतं. घासून जात नाही. कोळसा, वीट, राख, काही लावू देऊ नका, दात झिजतील. मोठ्यांचं राहू द्या. लहान पोरांना तेवढं गावातलं पाणी पाजा."

"आमच्या आबांनी मेंढरांवरून ओळखलं होतं," मी म्हणालो. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो.

"मग सांगितलं नाही का कुणाला?" तिने विचारलं.

मी तिच्याकडून तो कागद मागून घेतला.

त्याच वर्षी पुण्याचं मंडळ पुन्हा आलं. तोच मांडव. वेगळे डॉक्टर. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, फोटोला दोन पोरं काढून ठेवा. मागच्यासारखी. वस्तीवरची."

"नाही काढणार," मी म्हणालो.

"का?"

"ती माझी पोरं आहेत. आमच्या लोकांची. त्यांना कुणी वाईट उदाहरण म्हणायचं नाही. पाण्याचा दोष आहे. कागद आहे माझ्याजवळ."

हेडमास्तर हसले. "आज आमचे लोक झाले का? मागं तर 'या लोकांच्यात' होते."

"व्हय," मी म्हणालो. "मागं मी हरामखोरी केली. आज न्हाई करायचो."

तीस वर्षांत पहिल्यांदा शाळेत माझ्या तोंडून न्हाई निघालं. मी कोचापुढे जाऊन दादांनाही तेच सांगितलं, कागद दाखवला. ते म्हणाले, "मास्तर, पाहुण्यांपुढं तमाशा नको." मी म्हणालो, "मग फोटो नको." फोटो झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली शिरूर तालुक्यात झाली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

शिरूरला आणि पुढे नोकरी संपेपर्यंत मी पोरांचे दात सांभाळले. खिचडी खाल्ली की हौदावर रांग. खळखळून चूळ. रात्री जेवल्यावर घासायचं. पेस्ट हरभऱ्याएवढी, गिळायची नाही. ब्रश नसेल तर बाभळीची कवळी काडी, चावून मऊ केलेली. मिशरीची डबी सापडली तर पोराला मारायचो नाही, त्याच्या आईकडे जाऊन बसायचो. तोंड बघायचं असेल तर आधी विचारायचो, "बघू का?" नको म्हणालं तर नको. सत्काराला टाळ्या पडल्या त्या याच्यासाठी. पण मी शूर झालो तेव्हा मंगल शाळेत नव्हती. माझ्या शूरपणाचा तिला काडीचा उपयोग झाला नाही.

तिचं लग्न ठरत नव्हतं. पाहुणे येत, पोहे खात, तिला हसवायचा प्रयत्न करत, आणि निरोप पाठवत नसत. एका ठिकाणी म्हणाले, तेवढे दात बदला. भाऊ तिला दौंडला घेऊन गेला आणि पुढचे चार दात काढून कवळी बसवून आणली. चांगले, घट्ट दात. किडलेला एकही नाही. सोळा-सतरा वर्षांची होती. मला पत्रिका आली. मी शिरूरहून गेलो. मांडवात मंगल हसत होती, पांढऱ्या, एकसारख्या दातांनी. मी अक्षता टाकल्या. पंगतीला बसलो. दोन वेळा बुंदी घेतली.

नंतर एकदाच भेटली. यवतच्या एसटी स्टँडवर. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी. मंगल बोलताना पदर तोंडाशी धरत होती. कवळी ढिली झाली असावी.

"तात्या, वळखलं का?"

"वळखलं की."

"हिचं दात बघा वं जरा. तसलं न्हाई ना?" मग मुलीला म्हणाली, "आ कर गं. गुरुजी हायती."

पोरीने आपण होऊन तोंड उघडलं. मी वाकून बघितलं. दुधाचे दात, स्वच्छ. "चांगले आहेत," मी म्हणालो. "पक्के दात येतील त्याच्यावर लक्ष ठेव. पाणी कुठलं पाजतेस?"

"नळाचं. लांबनं आणती डोक्यावर. बोअरचा थेंब पाजत न्हाई. त्या डाक्टरीणबाईनं वस्तीवर येऊन समद्यांना सांगितलं हुतं, पान्यानं हुतंय म्हणून." मग थांबून म्हणाली, "तवा माझं लगीन ठरत हुतं. दात काढून झालं हुतं."

ती रागाने बोलली नाही. त्या बाईला चार महिने उशीर झाला, एवढंच तिला म्हणायचं होतं. आबाने मला वेळेवर सांगितलं होतं, हे तिला माहीत आहे की नाही, मला कळलं नाही. आबा तोवर गेला होता.

एसटीला अर्धा तास होता. ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मी कांद्याच्या भावाबद्दल बोललो. तिच्या नवऱ्याची चौकशी केली. पोरीला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. एसटी आली. तिने वाकून नमस्कार केला. मी तिची पिशवी वर दिली.

तिच्या गावाला त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा फाट्यावरून परतलो. आधी वाटायचं, भीती वाटते म्हणून परततो. आता कळतंय, तेवढंच नव्हतं. मी म्हातारा, चुलता, गुरुजी. मी माफी मागितली तर तिला नाही म्हणता येणार नाही. ती म्हणेल, असूं द्या तात्या, वरनं पाया पडेल, चहा करील. माझं ओझं उतरेल. तिला पुन्हा एकदा माझ्यापुढे नको असताना तोंड उघडावं लागेल.

म्हणून तिच्या दारात जाणार नाही. त्या शाळेत जाणार आहे. तिथल्या आत्ताच्या हेडमास्तरांना भेटलो, दिवस घेतला. गावाला त्या दिवशी यायला सांगितलंय, वस्तीलाही. जे चारचौघांत केलं ते चारचौघांतच सांगणार. मी कोणाचा, कुठल्या वस्तीवरचा, आबा काय म्हणाला होता, मी का गप्प बसलो, हात कसा धरला. एक शब्द गाळणार नाही. कुणी थांबवलं तर थांबणार नाही. कुणाला वाईट वाटलं, गावाची अब्रू गेली, समाजाची गेली, तर जाऊ दे. मंगलला निरोप धाडलाय, पण ये असं म्हटलेलं नाही. यायचं की नाही, आल्यावर बोलायचं की नाही, ते ती ठरवील. माफ नाही केलं तर तो तिचा हक्क आहे, आणि त्यावर कुणी तिला एक शब्द बोललं तर माझ्याशी गाठ आहे.

यवतच्या बाकावर जे म्हणायचं होतं ते इथे लिहून ठेवतो. पोरी, तुझे दात स्वच्छ होते. तू खरं बोलत होतीस. मला माहीत होतं, आणि मी तुझं तोंड दाबून उघडलं.

अर्धा तास होता. मी हे म्हणालो नाही.